भिगवणला कॅमेरे घेऊन जाणाऱ्या पुणेकरांना खुलं पत्र: बास झालं आता, नका उडवू त्यांना

मंडळी, सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की मागच्या आठवड्यात आपल्या पक्ष्यांच्या फोटोवाल्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, तुम्ही पण बघितला असेल आणि बदाम टाकला असेल, मी पण आधी टाकला. भिगवणचं (म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याचं) पाणी, कोवळं ऊन, आणि दीड-दोनशे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाण्यावरून धडाधड पळत एकदम उठतात, ती गुलाबी-काळी पंखांची किनार उघडते, आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओरडतं, "उडव उडव, अजून एकदा उडव!" ते ऐकलं आणि बदाम काढून घेतला. लई शहाणा आहे म्हणून नाही, तसाच एक व्हिडिओ माझ्याही हार्ड डिस्कवर आहे आणि त्यात ओरडणारा माणूस मी आहे.

तेव्हा नवीन नवीन लेन्स घेतली होती, १५०-६००, हप्त्यावर. घरी बायकोला सांगितलेलं की हे लेन्स म्हणजे गुंतवणूक आहे (कसली ते मलाही माहीत नव्हतं). पहाटे चारला निघालो, यवतच्या पुढं कुठंतरी चहा, सहाला कुंभारगावात, साडेसहाला होडीत. गारठा असा की ट्रायपॉडला हात लावला तर चटका बसल्यासारखं होत होतं. लांब पाण्यात एक गुलाबी पट्टा दिसत होता, जवळ गेलो तसे त्यात पाय दिसायला लागले, मग माना. सगळ्यांच्या माना खाली, चोच पाण्यात उलटी, एका जागी पाय थापटत गोल गोल फिरत चिखल ढवळत होते. मी अर्धा तास फोटो काढले आणि मग मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. सगळ्या फोटोत नुसत्या पाठी. मी म्हणलं दादा, जरा उडवा ना. दादांनी काही न बोलता इंजिन चालू केलं आणि होडी सरळ थव्यात घातली.

फोटो झक्कास आला. ग्रुपवर एवढं कौतुक झालं की दोन दिवस मी जमिनीवर नव्हतो.

मग एकदा निवांत बसून ते बर्स्टमधले, म्हणजे एका दमात धडाधड काढलेले, पन्नासेक फोटो एकामागोमाग एक बघितले. एका कडेला दोन पिल्लं होती, राखाडी, पाय अजून मळकट. रोहितचं पिल्लू जन्माला येतं ते राखाडीच, तो गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पूर्ण चढायला दोन-तीन वर्षं लागतात. मोठे सगळे उठले, ही दोघं पळतायत, पळतायत, पुढच्या फोटोत पण पळतायत, एक उठलं आणि दुसरं पाण्यावर आपटलं. पुढच्या फोटोत मी कॅमेरा वळवलाय, कारण मुख्य थवा दुसरीकडं चाललेला. त्या दुसऱ्याचं काय झालं ते माझ्याकडं नाहीये. उठलं असेल बहुतेक. पण तो फोटो मी कधी कुणाला पाठवला नाही, यावरून काय ते समजा.

आता मुद्द्यावर येतो. आपण पुणेकर पाट्यांची माणसं. "गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल" हे वाचून आपण हसतो पण गाडी पुढं नेऊन लावतो की नाही? तसंच पक्ष्यांचं झालंय. जिथं पाटी आहे तिथं आपण शहाण्यासारखं वागतो आणि जिथं पाटी नाही तिथं आपला बंगलाच.

पाटी असलेलं पाणी म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. तिकडं गेला असाल तर माहितीये, नसाल गेला तर जा, संगमनेर-सिन्नर करत निफाड तालुक्यात, पुण्यातून पाचेक तास धरून चाला. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, शेतीसाठी. पाणी अडलं, गाळ साठत गेला, उथळ झालं, बेटं झाली, गवत वाढलं, आणि पक्षी आले. कुणी पक्ष्यांसाठी काही केलेलं नव्हतं. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट म्हणून जाहीर झालं, लोणार त्याच वर्षी पण नंतर आणि ठाण्याची खाडी २०२२ ला. रामसर हे इराणमधलं गाव, तिथं २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून २ फेब्रुवारीला आपण सगळे स्टेटस ठेवतो.

तर नांदूरला आपण काय करतो? चापडगावच्या गेटवर पावती फाडतो, गावातला एखादा पोरगा गाईड म्हणून बरोबर घेतो, त्याच्याकडं स्कोप (लांबचं बघायची मोठी दुर्बीण) असतो, बांधावरून चालत जाऊन मनोऱ्यावर चढतो आणि गप बसतो. हळदी-कुंकू बदकं, थापटे, जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, सगळं आपापलं चाललेलं असतं. वारकरी म्हणजे तो काळा पाणपक्षी हो, कपाळावर पांढरा टिळा असलेला, नाव ज्यानं ठेवलं त्याला दंडवत. तिथं तासाभरानं एखादी भोवत्या घार वरून गेली की सगळी बदकं एकदम उठतात, ते बघून अंगावर काटा येतो, आणि त्यात आपला काही हात नसतो. तिथं कुणी "उडव" म्हणत नाही. कारण समोर गार्ड आहे. पाटी आहे. दंड होईल.

आणि तोच माणूस, तोच कॅमेरा, पुढच्या रविवारी भिगवणला गेला की होडी थव्यात घालायला सांगतो. का? तर हे अभयारण्य नाही, हे धरणाचं पाणी.

बरोबर आहे, अभयारण्य नाही. उजनी १९८० ला पूर्ण झालं, भीमेवर, ११७ टीएमसी, पाठीमागचं पाणी भिगवणच्याही मागं आलंय. आणि गंमत बघा, २०१७ चे जे पाणथळ जागांचे केंद्राचे नियम आहेत त्यात सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले जलाशय धरलेलेच नाहीत. म्हणजे नांदूरचं पण माणसानंच अडवलेलं, उजनीचं पण माणसानंच अडवलेलं, एकाला अभयारण्याची पाटी लागली आणि दुसऱ्याला नाही लागली, बास एवढाच फरक. तो फरक रोहितला कुणी कळवलेला नाहीये. पट्टकादंबालाही (डोक्यावर काळे पट्टे असलेला हिवाळी पाहुणा हंस) नाही.

यावर एकानं मला सांगितलं की अरे एवढं अफाट पाणी आहे, उडाले तर दुसरीकडं बसतील, त्यांचं काय जातंय. हे ऐकायला पटतं. मलाही बरीच वर्षं पटत होतं. पण पाणी अफाट असलं तरी ते सगळं त्यांच्या कामाचं नाही ना. रोहितला उभं राहून चोच तळाला लावायची असते, चोचीच्या आतल्या झालरीतून चिखलपाणी गाळून किडे-अळ्या-बिया-शेवाळ खायचं असतं, म्हणजे त्याला लागतं उथळ पाणी, फार तर आपल्या मांडीएवढं. ते कुठं मिळतं? काठाला, तेही धरण उतरायला लागलं की. म्हणून तर ज्या वर्षी पाऊस जोरात होतो आणि धरण जानेवारीपर्यंत तुडुंब राहतं त्या वर्षी आपण सगळे ग्रुपवर रडत असतो की फ्लेमिंगो आले नाहीत, अजून आले नाहीत. ते येतात चिखल उघडा पडल्यावर. आणि हा चिखलाचा पट्टा रोज सरकतो, आज इथं तर पंधरा दिवसांनी अजून आत, आणि बरोब्बर त्याच पट्ट्यात आपली होडी जाते, कारण पक्षी तिथंच आहेत. म्हणजे पंगतीला बसलेल्याला उठवायचं आणि वर म्हणायचं गावात घरं काय कमी आहेत का.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी एक काम केलं. होडीत बसलोच नाही. डिकसळच्या बाजूला काठावर एक घडीची खुर्ची टाकली, थर्मास, दोन पोळ्या, दुर्बीण. समोर एक थवा होता. तो किती वेळा उडतो ते बोटांवर मोजत होतो. सकाळी सातला पहिली होडी आली. अकराला मी खुर्ची मिटली तेव्हा दोन्ही हाताची बोटं संपलेली होती. मधल्या दोन वेळा तर ड्रोन होता, होडी पण नाही, वरून घूं घूं करत काहीतरी येतंय म्हणल्यावर अख्खं पाणी मोकळं. शेकाटे, सुरय, चित्रबलाक, सगळे. माझ्या शेजारी म्हशी धुवायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "त्यांना काय खाऊ देत न्हाईत का रं?" मी काय सांगणार.

पट्टकादंबांचं तर अजूनच वेगळं. हे लोक मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं आहे की विरळ हवेत जास्त ऑक्सिजन धरून ठेवतं, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. आता असा पाहुणा आपल्या दारात येतो, काठाचं गवत, शेतातला हरभरा-गहू खातो (शेतकऱ्याला विचारा, तो वेगळंच बोलेल, तेही खरंच आहे), आणि फेब्रुवारी-मार्च हा त्याचा टाकी फुल करायचा महिना असतो. परत तेवढंच अंतर जायचंय. अंगावर चरबी चढली पाहिजे. आणि नेमक्या ह्याच महिन्यात आपल्या टूर फुल असतात, कारण थंडी कमी झालेली, पोरांच्या परीक्षा लागायच्या आधीचे रविवार, आणि पक्षीही भरपूर. उठवलं की पंख मारायला जोर लागतो, जाऊन बसायचं, पुन्हा निवांत व्हायचं, मान खाली घालायची, तेवढ्यात दुसरी होडी. दहा वेळा उठवलेला पक्षी संध्याकाळी किती कमी जेवून झोपला याचा हिशोब आपल्या फोटोत येत नाही.

मध्येच एक सांगून टाकतो, मनात खदखदतंय म्हणून. ह्या पाण्यात आपलं आधीच एक पाप आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, सगळ्या शेवटी भीमेत जातात आणि भीमा उजनीत. आपण संडासात ओढलेली चेन तिथं जाते. सोलापूर ते पाणी पितं, आणि पुढं पंढरपूरला तीच भीमा चंद्रभागा होते, आषाढीला माऊली तिच्यात डोकं बुडवतात. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, जलपर्णी साठते. पक्षी भरपूर दिसतात म्हणजे पाणी चांगलं असं कुणी कृपया म्हणू नका, कवडीपाटला मुळा-मुठेच्या फेसात थापटे आणि शेकाटे आरामात चरताना तुम्हीच फोटो काढलेत. ते मैला साफ करायचं काम मोठं आहे, आपल्या एकट्या-दुकट्याच्या हातचं नाही. पण "उडव" न म्हणणं तर आपल्या तोंडातलं आहे.

होडीवाल्यांवर ढकलू नका, हे पण सांगायचंय. आपल्यातले बरेच जण लगेच म्हणतात, गाईडलाच शिस्त नाही. परवा मी माझ्या नेहमीच्या दादांना विचारलं, तुम्ही स्वतःहून का थांबवत नाही? ते वल्हं बाजूला ठेवून म्हणाले, "साहेब, म्या न्हाय उडवत म्हणलं तर तुमी फुडल्या टायमाला दुसऱ्याच्या होडीत बसणार. वर मोबाईलवर लिवणार का लांबूनच दाखवतो." माझ्याकडं उत्तर नव्हतं. ह्या माणसांच्या आधीच्या पिढीच्या जमिनी ह्याच पाण्याखाली गेल्यात, मग त्याच पाण्यात जाळं टाकून कटला, मरळ, चिलापी धरायला लागले, आणि आता हिवाळ्यातले चार महिने आपण. चांगला गाईड म्हणजे जवळ नेणारा गाईड, हे आपणच ठरवलंय ना. पक्षी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात, कुठला थवा कधी बिथरणार हे ते इंजिनाच्या आवाजाआधी सांगतात. फक्त ते ज्ञान आपण उडवायला वापरून घेतो.

काही वर्षांपूर्वी मी राजस्थानात भरतपूरला गेलो होतो, केवलादेवच्या पक्ष्यांच्या उद्यानात. १९८१ ची रामसर साइट, १९८५ ला जागतिक वारसा. तिथं आत देवळाजवळ दगडी पाट्या आहेत, त्यावर शिकारीचे आकडे कोरलेले. कुठला साहेब आला, किती बंदुका, किती पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आला होता तेव्हा एका दिवसात ४,२७३. पर्यटक तिथं उभे राहून चक् चक् करत होते. मी पण केलं. आणि मग संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर सकाळी टाकलेल्या फोटोला किती लाईक आले ते बघितलं. आता मी काही आपल्याला व्हाइसरॉयच्या ओळीत बसवत नाहीये, तो मारत होता आणि आपण फोटो काढतो, जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आकडा मिळवायला पक्षी उठवून घ्यायचे ही युक्ती तिथलीच. शिकारीत पण हाकारे असायचे की. मी वकील नाही, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार ह्या शब्दाची व्याख्या उघडून बघा, त्यात मारण्याबरोबर प्राण्याला हाकणं पण घातलेलं आहे, आणि कायद्याला अभयारण्याची पाटी लागत नाही.

बरं मग फोटो काढायचेच नाहीत का? काढा की. मी पण काढणारच आहे, लेन्सचे हप्ते कुणी भरलेत. फक्त एक गोष्ट बघा. रोहितचा थवा खात असताना सगळ्यांच्या माना खाली असतात. होडी एका अंतरावर आली की कडेचे एक-दोन माना वर करतात. अजून पुढं गेलात की पाच-दहा. मग सगळ्यांच्या माना सरळ उभ्या, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून चालायला लागतात, घाई नाही, पण चालतात. तिथं आपला वेळ संपला. पहिल्या दोन-चार माना वर झाल्या की इंजिन बंद, होडी तिथंच राहू दे. वीस मिनिटं गप बसलात तर बऱ्याच वेळा त्या माना परत खाली जातात आणि कधी कधी तर थवाच चरत चरत तुमच्याकडं सरकतो. माझा आजवरचा सगळ्यात जवळचा फोटो असाच आलाय, चोचीतून पाणी गळतंय ते थेंब मोजता येतात. उडतानाचे फोटो पाहिजेत तर संध्याकाळी थांबा, ते आपापले उठतात, जागा बदलतात, फुकट.

आणि होडीत बसतानाच ठरवा. पैसे आधी द्या, ठरलेल्यापेक्षा थोडे वरच द्या, आणि स्पष्ट सांगा की दादा, फोटो नाही मिळाला तरी चालेल, उडवायचं नाही, उडवलंत तर पुढच्या वेळी तुमच्याकडं येणार नाही. उलटी अट घाला एकदा. मी मागच्या तीन वेळा घातली. पहिल्यांदा दादा माझ्याकडं बघून हसले, वेडा आहे म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनीच शेजारच्या होडीवाल्याला हात करून लांबून घ्यायला सांगितलं. ॲडमिन लोकांनी एवढं करावं की "उडव" असा आवाज असलेला व्हिडिओ आला की काढून टाकायचा आणि टाकणाऱ्याला शांतपणे कळवायचं, त्याचं नाव घेऊन ग्रुपवर धुणं धुवायची गरज नाही. ड्रोनवाल्यांना मात्र थोडं जोरात सांगितलं तरी चालेल, उजनीच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की ते तसेही तिकडं जाणारच आहेत, तिथं आसपास नदी सुरय पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात हेही त्यांना सांगा.

ता. क. या रविवारी आम्ही तिघं जातोय. पहाटे साडेचार, हडपसर गाडीतळ. गाडीत एक जागा रिकामी आहे. होडी घेणार नाही, काठावरच बसणार, त्यामुळं लेन्स छोटी असली तरी चालेल, पण घडीची खुर्ची आपापली आणा, माझ्याकडं एकच आहे आणि ती मी देणार नाही.